गॅस संपला नाही, गळाला!

होळी आटोपली, उन्हाचा चटका जाणवू लागला, की गावोगावच्या मोटार-एसीच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. रांगेतल्या बहुतेक गाड्या दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या, दोन-तीन हात बदललेल्या. मालकाची मागणीही ठरलेली असते. "गेल्या वर्षी भरला होता, पुन्हा संपला. गॅस भरून द्या." तासाभरात गॅस भरला जातो, गार वारा येऊ लागतो, पैसे चुकते करून मंडळी निघतात. पुढच्या होळीला तीच गाडी आणि तीच रांग.

आरोग्याच्या सदरात मोटारीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण या गळणाऱ्या गॅसविषयी दर उन्हाळ्यात दवाखान्यात प्रश्न विचारले जातात. त्या प्रश्नांत जिथे घाबरण्याचे कारण नाही तिथे भीती असते आणि जिथे जीव जाऊ शकतो तिथे बेफिकिरी. शिवाय गळती न शोधता गॅस भरणे हा प्रकार आम्हा डॉक्टर मंडळींच्या फार ओळखीचा आहे. निदान न करता औषध देणे ते हेच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. एसीतला गॅस संपत नाही. पेट्रोल जळते, टायर झिजतात, बॅटरी उतरते. गॅस यांपैकी काहीच करत नाही. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये येतो आणि तिथे पुन्हा वायुरूप होताना आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. मग पुन्हा कॉम्प्रेसर. शरीरातल्या रक्ताभिसरणासारखा हा बंद फेरा आहे. एखाद्या माणसाचे हिमोग्लोबिन दरवर्षी उतरते, दरवर्षी त्याला रक्ताची बाटली लावून घरी पाठवले जाते, पण रक्त जाते कुठून, मूळव्याधीतून की जठरातल्या व्रणातून, हे कोणी पाहतच नाही, तर त्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

आता थोडी सूट द्यायला हवी. एसीचे काही पाईप रबराचे असतात आणि रबरातून अत्यल्प गॅस झिरपतोच. तीन-चार वर्षांनी गारवा थोडा मंदावला तर ते वयोमानाचे लक्षण समजावे. परंतु भरलेला गॅस एका हंगामात गेला, तर गळती आहे आणि ती शोधलीच पाहिजे. आठ-पंधरा दिवसांत गेला, तर शोध लागेपर्यंत पुन्हा भरण्यात काही अर्थ नाही.

गळतीच्या जागा

जुन्या गाडीत गळतीच्या जागा बहुधा ठराविक असतात. कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला दांड्याभोवती एक सील असते. ते तेलाने ओले राहिले तरच घट्ट बसते. पावसाळा-हिवाळा मिळून सात-आठ महिने एसी लावलाच नाही, की ते कोरडे पडून गळू लागते. पाईपच्या प्रत्येक जोडात रबराची ओ-रिंग असते. इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षे भाजून ती कडक होते आणि तिला चिरा जातात. गॅस भरायच्या तोंडाशी सायकलच्या व्हॉल्व्हसारखी पिन असते. ती नीट बसली नाही तर तिथूनही गॅस जातो आणि वरचे प्लॅस्टिकचे टोपण बहुतेक गाड्यांत हरवलेलेच असते. कंडेन्सर तर गाडीच्या तोंडावरच असतो. रस्त्यावरचे खडे, चिखल, आणि कोकणपट्टीत खारी हवा, सगळे तो आधी झेलतो.

सर्वांत अवघड जागा म्हणजे कूलिंग कॉइल. ती डॅशबोर्डच्या पोटात दडलेली. कडुलिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली गाडी लावण्याची आपली सवय चांगली आहे, पण त्या झाडांचा बारीक पाला काचेखालच्या जाळीतून आत जातो, कॉइलच्या पत्र्यांत अडकतो आणि ओला राहतो. जुन्या पुष्कळ गाड्यांत आतल्या हवेला गाळणी नसतेच. हा ओला कचरा ॲल्युमिनियम हळूहळू खातो आणि टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्रे पडतात.

गळती आतूनही पोसली जाते. जिथून गॅस बाहेर जातो तिथून, यंत्रणा रिकामी झाली की, दमट हवा आत शिरते. पाणी, तेल आणि गॅस यांच्या संयोगाने आत आम्ल तयार होते आणि ते धातू कुरतडते. एका छिद्राकडे दुर्लक्ष केले, की दुसरे पडण्याची सोय होते.

शोधायचे कसे?

चांगला मेकॅनिक आधी डोळ्यांनी पाहतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. गॅस उडून जातो, तेल मात्र मागे राहते आणि त्यावर धूळ बसते. एखाद्या जोडाभोवती काळपट तेलकट डाग दिसला, तर निम्मे निदान झाले. डॉक्टरने रुग्णाला हात लावण्यापूर्वी नुसते निरखून पाहावे, असे आम्हाला शिकवले जाते, त्यातलाच हा प्रकार.

पुढची पायरी साबणाच्या फेसाची. ट्यूबचे पंक्चर पाण्याच्या टबात शोधतात, तशी ही युक्ती. यंत्रणेत दाब असताना जोडांवर दाट फेस लावून थांबायचे. 'थांबायचे' हा शब्द महत्त्वाचा. बारीक गळतीचा बुडबुडा धरायला काही मिनिटे लागतात आणि घाईच्या गॅरेजात तेवढा धीर नसतो. गॅस अगदीच निघून गेला असेल तर नायट्रोजन भरून दाब आणतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि जळत नाही. मात्र त्याच्या सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या दीडशे पटींच्या घरात असतो, त्यामुळे रेग्युलेटर लावल्याशिवाय तो जोडू नये. त्याऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर हाताशी आहे म्हणून कोणी लावत असेल, तर त्याला तत्काळ थांबवावे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

तिसरा उपाय रंगद्रव्याचा. तेलात मिसळणारा विशिष्ट रंग यंत्रणेत सोडतात, गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवतात आणि मग अंधारात अतिनील प्रकाशाच्या बॅटरीने पाहतात. जिथे गळती असते तिथे पिवळट-हिरवा डाग चमकतो. कूलिंग कॉइल उघडी दिसत नाही, पण तिचे पाणी ज्या नळीतून गाडीखाली ठिबकते, त्या नळीच्या तोंडाशी हा रंग कधीकधी सापडतो.

चौथा उपाय इलेक्ट्रॉनिक यंत्राचा. गॅसचा वास लागला की ते पिपाणीसारखे वाजते. एसीचा गॅस हवेच्या साधारण साडेतीन पट जड असतो, म्हणून यंत्राचे टोक जोडाच्या खालच्या अंगाने सावकाश फिरवावे लागते. तेही इंजिन बंद करून आणि पंख्याचा वारा नसताना. कॉइल तपासायची तर गाडी थोडा वेळ बंद ठेवून पाण्याच्या नळीच्या तोंडाशी टोक धरतात. पेट्रोलच्या वाफेनेही काही यंत्रे फसतात. त्यामुळे यंत्र वाजले तरी तिथे फेस लावून खात्री करणारा मेकॅनिक मला अधिक विश्वासाचा वाटतो.

एक इशारा येथेच देतो. पुष्कळ ठिकाणी व्हॅक्यूम पंप लावतात, काट्याची सुई दहा मिनिटे हलली नाही, की "लीकेज नाही" असे सांगून मोकळे होतात. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलत असते आणि तिचा दाब एका वातावरणाएवढाच. उलट भर उन्हात एसी चालू असताना आतला दाब त्याच्या चौदा-पंधरा पट होतो आणि तो बाहेर ढकलत असतो. मोठे भगदाड व्हॅक्यूमने कळते, बारीक छिद्र कळेलच असे नाही. दुसरी फसगत गेजची. गाडी बंद असताना आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल, तरी काटा भरलेल्या यंत्रणेएवढाच दाब दाखवतो, कारण तो दाब तपमानावर अवलंबून असतो. म्हणून गॅस किती आहे हे नुसत्या काट्यावरून सांगता येत नाही. जुना काढून, वजन करून, बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या ग्रॅमांइतका नवा भरणे हीच खरी पद्धत. लहान गाडीत तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो.

हे सारे मेकॅनिकला ठाऊक नसते काय? बहुतेकांना असते. पण गळती शोधण्यात त्याचा अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते. "नुसते बघायचे एवढे पैसे?" हा प्रश्न आम्हालाही नवा नाही. तपासून, विचारून, 'तुम्हाला औषधाची गरज नाही' असे सांगणाऱ्या डॉक्टरची फी जड वाटते आणि सुई टोचणाऱ्याची वाटत नाही. गॅस ही वस्तू आहे, तिचे पैसे देताना काही हातात पडल्यासारखे वाटते. मग मेकॅनिकही वस्तूच विकतो. माझ्या मते या दुष्टचक्रात गिऱ्हाइकाचा वाटा अधिक आहे. तीन उन्हाळ्यांच्या गॅसचा खर्च जोडून पाहिला, तर बहुतेक गाड्यांत एक ओ-रिंग, एक पिन किंवा कंडेन्सरसुद्धा त्यात बसून जाईल. कॉइलचा खर्च मोठा, कारण डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी जबर. तरीही आधी कळले तर माणूस विचार करून ठरवू शकतो.

कोणी म्हणेल, एसी ही चैन आहे, बंद पडला तर खिडकी उघडावी. चंद्रपूर, अकोला, जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उघड्या खिडकीतून येतो तो भट्टीचा झोत. तालुक्याच्या गावाहून डायलिसिससाठी जिल्ह्याला नेले जाणारे रुग्ण, बाळंतीण, हृदयविकाराचे वृद्ध याच जुन्या गाड्यांतून जातात. त्यांच्यासाठी तो गारवा औषधासारखाच आहे.

भीती कुठे, बेफिकिरी कुठे

दवाखान्यातला नेहमीचा प्रश्न असा. "गाडीतला एसीचा गॅस गळतो म्हणूनच खोकला येतो ना?" बहुधा नाही. २००० सालानंतरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. दम्याच्या रुग्णांच्या अनेक फवाऱ्यांत औषध बाहेर ढकलायला हाच वायू शुद्ध स्वरूपात वापरतात. कॉइलमधून आठवडेच्या आठवडे थोडाथोडा झिरपणारा गॅस श्वासाला बाधण्याइतका साठत नाही. खोकला, शिंका, दम लागणे यांचे कारण त्याच ओल्या कॉइलवर वाढलेली बुरशी आणि धूळ असण्याची शक्यता पुष्कळ अधिक. एसी लावताच कुबट वास आला तर तो बुरशीचा. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुके आले तर ते बहुधा हीटरमधून गळणारे रेडिएटरचे कूलंट, आणि ते मात्र पोटात जाऊ नये, विषारी असते. एखादा पाईप अचानक फुटून आत धुके पसरले तर गाडी बाजूला घेऊन दारे उघडावीत, खाली उतरावे.

याहून गंभीर गैरसमज वर्तमानपत्रांतूनच पसरतो. उभ्या गाडीत एसी लावून झोपलेली माणसे सकाळी मृत आढळतात आणि बातमी येते, 'एसीच्या गॅसने मृत्यू'. अशा घटनांत मारेकरी बहुधा दुसराच असतो, इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटलेला, तळाचा पत्रा गंजलेला, डिकीचे रबर गेलेले. त्यात गाडी बंद शेडमध्ये किंवा भिंतीला टेकून उभी, आणि इंजिन चालू. एसीच्या नावाने खडे फोडले, की सायलेन्सर तपासायचा राहून जातो. गाडीत बसल्यावर डोके दुखते, मळमळते आणि उतरल्यावर बरे वाटते, अशी तक्रार एकाहून अधिक प्रवाशांची असेल, तर एसीवाल्याकडे जाण्यापूर्वी सायलेन्सर दाखवा. आणि इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. गॅरेजातही एसीची चाचणी घेताना शटर उघडे असावे.

एसीच्या गॅसचा खरा धोका गाडीच्या मालकापेक्षा गॅरेजातल्या पोराला आहे. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. जोड सैल करताना त्याचा फवारा बोटांवर किंवा डोळ्यांत गेला, तर कातडी आणि बुबुळ गोठते. अशा वेळी चोळू नये, गरम पाणी ओतू नये. कोमट पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. गॅस जड असल्याने गाडीखालच्या खड्ड्यात साठतो आणि तिथली हवा हुसकावून लावतो. तिथे काम करणारा गुदमरतो. फार मोठ्या प्रमाणात हुंगला गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णाला दवाखान्यात नेताना गॅसचे नाव आवर्जून सांगावे, कारण ॲड्रेनलीनसारखी औषधे तिथे फार जपून वापरावी लागतात. आणि ज्योत! जुन्या काळी आर-१२ गॅसची गळती शोधायला एक खास दिवा वापरत, गॅस लागला की ज्योत हिरवी होई. पण त्या ज्योतीतून फॉस्जीनसारखे विषारी वायूही थोड्या प्रमाणात निघत. आर-१३४एवर तो दिवा चालतच नाही. गॅस पूर्ण काढल्याशिवाय कंडेन्सरला वेल्डिंग करणे, किंवा गॅस सोडताना बिडी ओढणे, हे फुफ्फुसांशी वैर आहे. जळलेल्या गॅसमधून निघणाऱ्या तिखट वाफांनी छातीत पाणी होणे काही तासांनंतरही घडू शकते.

सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे महाग गॅसऐवजी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा वायू भरणे. तो गार करतो, यात खोटे नाही. पण तो पेट घेतो. ज्या यंत्रणेत गळती आहे हे आधीच ठाऊक आहे, तिच्यात पेटणारा वायू भरून तिची एक शाखा डॅशबोर्डमागे ठेवणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगत नाही. भेसळीचाही धोका आहे. २०११ साली जहाजांवर जाणाऱ्या शीत-कंटेनरांत मिथाइल क्लोराइडची भेसळ असलेला गॅस भरला गेला. ॲल्युमिनियमशी संयोग होऊन हवेत पेटणारा पदार्थ आत तयार झाला आणि स्फोटांत तीन कामगार दगावले. मोटारींचे कंडेन्सर आणि कॉइलही बहुधा ॲल्युमिनियमच्याच असतात. म्हणून सीलबंद डबा किंवा ओळखीच्या दुकानाचे सिलिंडर आपल्यासमोर जोडले जावे, एवढा आग्रह धरायला संकोच नको.

हवेत सोडलेला गॅस जातो कुठे, हेही आरोग्याचेच प्रकरण. आर-१२मधला क्लोरीन ओझोनचा थर विरळ करतो. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली हे दाखवून दिले आणि १९९५ साली त्यांना क्रुट्झेन यांच्यासह नोबेल मिळाले. ओझोन विरळ झाला की अतिनील किरण वाढतात आणि त्यांतून त्वचेचे कर्करोग व मोतीबिंदू. १९८७च्या माँट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला, आणि २०१० पासून विकसनशील देशांतही या गटातल्या गॅसचे उत्पादन बंद झाले. त्यामुळे आज कोणी 'अस्सल आर-१२' देऊ करत असेल तर आधी शंका घ्यावी. नव्वदीच्या दशकातली गाडी असेल तर तेल, ओ-रिंगा आणि ड्रायर बदलून ती आर-१३४एवर आणता येते. नुसता नवा गॅस जुन्या तेलावर ओतून चालत नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. अर्धा किलो गॅस दरवर्षी आकाशात सोडणे हा काही किरकोळ हिशेब नव्हे.

तर यंदा गॅरेजात गेल्यावर प्रश्न बदलून पाहा. "गॅस किती रुपये?" याऐवजी "गळती शोधून दाखवायचे किती?" असे विचारा. सापडलेली जागा डोळ्यांनी पाहा. जोड उघडला असेल तर ड्रायर बदलला का, व्हॅक्यूम किमान अर्धा तास ठेवला का, किती ग्रॅम भरला, हे बिलावर लिहून घ्या. गळती बंद करणारे औषध म्हणून मिळणारे डबे जुन्या गाडीत घालू नयेत. छिद्राबरोबर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बुजवू शकतात. आणि दुरुस्ती झाल्यावर पावसाळ्यात, थंडीतही, आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालू ठेवा. तेवढ्याने कॉम्प्रेसरचे सील ओले राहते.